मामांच्या मानेतली नस

माझ्या बायकोच्या मामांइतका हौसेनं वाद घालणारा माणूस भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात दुसरा झाला नसेल. न्हावऱ्याचे हे मामा एसटीच्या कंडक्टरशी भांडत, आणि समोर कुणीच नसलं तर रेडिओवर बातम्या देणाऱ्याशी. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात फेटा सैल आहे म्हणून त्यांनी वरात अडवली, नवरदेवाचा फेटा सोडला आणि परत बांधता येईना तेव्हा म्हणाले, "ह्याचं डोस्कंच बारीक हाय."

दोन हजार आठच्या सुमाराला मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून शिरूरला चाललो होतो. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. मामा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, डाव्या डोळ्याफुडं काळा पडदा आलाय."

"मामा, गाडी थांबवा."

"कशाला? उजव्यानं दिसतंय की."

मी खांदा गच्च धरला तेव्हा कुठं थांबले. थोड्या वेळानं पडदा सरला, पण मी किल्ली परत दिली नाही.

शिरूरला मानेची सोनोग्राफी झाली, मग पुण्यात एमआरआय. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूकडं जाणारी डावी नस निम्मीच अरुंद झालीय. पण आत साचलेल्या थरात रक्तस्राव दिसतोय. त्यात तुमचं ब्लडप्रेशर, विड्या आणि तो पडदा. सगळं एकत्र धरलं तर लकव्याचा धोका मोठा आहे. ऑपरेशन लवकर करायला हवं."

"निम्मी चालू हाय न्हवं? मग कवा फुटंल, ते सांगा."

"धोका सांगता येतो, मामा. दिवस नाही सांगता येत."

मामा गप्प बसले. ते मला त्या पडद्याहून भीतिदायक वाटलं. ऑपरेशन होईपर्यंत ते एखाद्या शब्दाला अडखळले तरी मी आणि मामी एकमेकांकडं बघायचो. त्यांचा डोळा लागला की मामी उगाच हाक मारायच्या, नुसतं "काय गं?" ऐकायला.

ऑपरेशनला नेताना मामांनी स्ट्रेचरवरून मामींना विचारलं, "जेवलीस का?" आणि दार लागलं.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "हातपाय नीट हलवतायत. बोलतायतही."

"काय म्हणाले?"

"टाके वाकडे घातलेत म्हणाले."

त्यानंतर मामा बरीच वर्षं जगले आणि म्हातारपणानं गेले. परवा न्हावऱ्याला गेलो तेव्हा मामी चहा ओतता ओतता म्हणाल्या, "जेवलीस का, असं जल्मात येकदाच इचारलं त्यांनी. मी जेवले न्हवते. तरी मान हलवली."