भिंत नसलेलं स्वयंपाकघर

ऑफिसात तिला सगळे 'साखर' म्हणत. गिझर कंपनीच्या तक्रार विभागात दिवसभर फोनवर लोकांचे शिव्याशाप ती "तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो" या एकाच वाक्यावर झेलायची. त्या वाक्याची भरपाई संध्याकाळी व्हायची, स्वयंपाकघरात, दार लोटून, कांदा चिरताना. पुटपुटण्यात ती कुणाला वगळत नसे. साहेब, गिझर, नवरा आणि शेवटी सावकाश सासूबाई. मग पुन्हा साखर होऊन बाहेर यायची.

ते राहत होते ती जुनी इमारत पाडायला काढली, तेव्हा त्याच गल्लीत त्यांनी दुसरा फ्लॅट भाड्याने घेतला. इमारत तितकीच म्हातारी, फ्लॅट मात्र नटवलेला. खाली इस्त्रीवाल्याच्या जागी सुगंधी मेणबत्त्यांचं दुकान आलं होतं. घरमालकाने स्वयंपाकघराची भिंतच काढून टाकली होती. "कसं मोकळं वाटतं बघा!" तो म्हणाला. भिंत खरोखरच त्याच्या बापाची होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

सासूबाईंची खुर्ची नेमकी ओट्यासमोर आली.

पुटपुटायला जागा शोधत ती घरभर फिरू लागली. बाल्कनीला लागून शेजाऱ्याची बाल्कनी, आणि शेजारी कायम तिथेच. बाथरूममध्ये जमत होतं, तोच नवऱ्याने बाहेरून विचारलं, "कोणाशी बोलतेयस?" जिन्यात मेणबत्तीवालीने गाठून नमुना हुंगायला लावला. शेवटी ऑफिसातच तोल गेला. एका गिऱ्हाइकाला ती म्हणाली, "मग नका करू अंघोळ." साहेबांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर घरी बसा.

त्या संध्याकाळी ती हसतमुखाने कांदा चिरत होती.

"अगं, तुला बरं नाही का?" सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं.

"छान आहे की, आई."

"इथे आल्यापासून मला एकदाही थेरडी म्हणाली नाहीस."

सुरी थांबली. "तुम्हाला ऐकू यायचं?"

"भिंत होती ती, किल्ला नव्हे."

"मग कधी काही बोलला नाहीत ते?"

"काय बोलायचं? ओकून मोकळी व्हायचीस, वाढताना डोळ्यांत राग नसायचा. आता नुसती हसतेस. माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

सुट्टीच्या दिवशी दोघींनी कपड्यांचं कपाट ढकलत आणून ओट्यासमोर उभं केलं. नवरा कुरकुरला, "घराची सगळी शोभा गेली."

"तू आहेस ना शोभेला," सासूबाई म्हणाल्या. "पुरे तेवढी."

ती कपाटाआड उभी राहिली. साहेबांपासून सुरुवात केली, गिझरवर आली, नवऱ्याला व्यवस्थित सोलून काढलं. मग अडली. ऐकणारी ऐकतेय हे ठाऊक असताना जुना शब्द जिभेवर येईना, नवा सुचेना. चिरलेला कांदा ती पुन्हा चिरू लागली.

पलीकडे खुर्ची सरकली. कपाटाच्या दिशेने.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "माझा नंबर कधी येणार?"