पापण्यांवरचा रंग

आमच्या घरात देवाचा फोटो नव्हता, पत्रकं मात्र ढिगानं होती. वडील वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते आणि पाळी सुटली की युनियनचे. क्वार्टरमधल्या लोखंडी कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि माझी अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. ‘जाहीर निषेध’ मला ‘कमळ’च्या आधी वाचता येत होतं. अजूनही काही खटकलं की डोक्यात आधी एक पत्रक तयार होतं, मथळ्यासकट.

जुनी पोर्ट्रेटं विकत घ्यायचा नाद लागला तोही अशाच एका खटकण्यातून. बारामतीकडे हल्ली बंगला बांधला की हॉलला ‘रॉयल लूक’ हवा असतो. भिगवण रस्त्यावरच्या, वाड्याच्या थाटाच्या हॉटेलांनाही तो हवा असतो. मग कुणाचे तरी आजे-पणजे सोनेरी फ्रेमसकट विकत आणले जातात. फेटा, गलमिश्या, एक हात तलवारीच्या मुठीवर, मागे मखमली पडदा आणि त्या माणसानं जन्मात न पाहिलेल्या महालाचे खांब. एका वास्तुशांतीला यजमानांनी मला मुद्दाम भिंतीपाशी नेऊन आपल्या पणजोबांचं दर्शन घडवलं. त्या पणजोबांना मी इंदापूरला भंगारच्या दुकानात, पंख्याच्या पात्यांशेजारी पाहिलं होतं. मी तसं बोलून दाखवलं. त्यानंतर मला जेवायला थांबा असं कुणी म्हणालं नाही.

बायकांच्या चित्रांना गिऱ्हाईक नसतं. नथ घातलेली अनोळखी बाई हॉलमध्ये टांगली की पाहुणे विचारतात, ही कोण? पुरुषाबद्दल कुणी विचारत नाही, तो पूर्वज असतो. त्यामुळे दुकानदार काच आणि फ्रेम काढून घेतात आणि बाई रद्दीत जाते. मी त्या बायका घ्यायला लागले. नियम एकच: ती कोण, कुठली, हे शोधायचं आणि चित्राच्या पाठीवर तिचं नाव लिहायचं. ‘अज्ञात स्त्री’ हे शब्द मला मान्य नव्हते. नाव असतंच, कुणीतरी ते टाकून दिलेलं असतं.

ही बाई त्याच इंदापूरच्या दुकानात होती. भर दुपार, पत्र्याचं छप्पर तापलेलं. चित्र फ्रेमसकट भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, वर पोतं. दुकानदार तात्या बरेच वयस्कर, एरवी दर वस्तूचं कौतुक करणारे. पोत्याला हात लावला तसे म्हणाले, “ती ऱ्हाऊ द्या. ती बघती.”

मी म्हटलं, चित्रातली माणसं बघतातच.

“तसं न्हवं. हे फेटंवालं बघा. दुकानात कोण आलं, कोण गेलं, ह्यास्नी काय बी पडलेली न्हाय. ही बघती. पापणी हलवायची तेवढी ऱ्हायलीय.”

मी चित्र वळवलं. काळापांढरा फोटो मोठा करून त्यावर रंग चढवलेला, जुन्या स्टुडिओंची पद्धत. कोरीव खुर्ची, लाल पडदा, दगडी कठडा, कुंडीत विलायती फुलं. हातात एक पुस्तक, जे तिनं कधी उघडलं नसणार. हिरवं नऊवारी, हिरवा चुडा, नथ, ठसठशीत कुंकू. वय विशीच्या आतलं. सगळं चित्र पिवळं पडलं होतं, डोळे मात्र ताजे होते. ओठ सैल, गाल निवांत, आणि त्यांच्या वर ते डोळे ताणलेले, आता पाणी येईल इतके. त्या चेहऱ्याला त्यांची खबरच नव्हती.

बारामतीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी तिला टेबलासमोरच्या भिंतीवर लावलं. अभ्यासाला येणारी मैत्रीण जागा बदलून बसली. मग येईनाशी झाली. मला राग आला. भुताखेतांविरुद्धची पत्रकं मी शाळेच्या दारात उभी राहून वाटलेली. मी खुर्ची फिरवली आणि हट्टानं तिच्याकडे पाठ करून बसायला लागले. पण काम संपवून लॅपटॉपचा पडदा काळा झाला की त्यात, माझ्या खांद्यामागे, दोन डोळे दिसायचे. बाकीची बाई दिसायची नाही. उजेड तिथंच पडतो, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. तरीही मी लॅपटॉप बंद करताना मान खाली घालायला लागले.

त्या आठवड्यात आई वालचंदनगरहून आली. पिशवी खाली ठेवता ठेवता तिनं चित्राकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, “ही झोपलीय का गं?”

मी म्हटलं, डोळे टक्क उघडे आहेत की.

“डोळे राहू देत. नथ बघ. बसलेल्या बाईची नथ ओठावर येते. हिची गालावर कलंडलीय. आडवं झाल्यावर पडते तशी.”

मग मला सगळंच दिसायला लागलं. कानातले झुबे खांद्याकडे लोंबत नव्हते, मानेमागे गेले होते. पदर मांडीवर उतरत नव्हता, खुर्चीच्या पाठीकडे ओघळला होता. ही बाई खुर्चीवर बसलेलीच नव्हती. ती जमिनीवर आडवी होती, फोटो वरून काढला होता, आणि नंतर कुणीतरी तिला उभं करून तिच्याभोवती खुर्ची रंगवली होती. तो हिरवा शालू, तो चुडा, ते कुंकू. सवाष्ण मेली की तिला असंच नटवतात. आईनं पदर सारखा केला आणि ती मोरीत जाऊन हात धुऊन आली. तिनं चित्राला हात लावलेला नव्हता.

आई गेल्यावर मी फ्रेम उघडून काच काढली, ती परत लावलीच नाही. उजेडाला धरल्यावर डोळ्यांवरचा रंग जाड दिसला, खालच्या कागदापेक्षा उंच. कापसाचा ओला बोळा मी खुर्चीच्या एका कोपऱ्यावर टेकवून पाहिला, तपकिरी रंग लगेच कापसावर आला. पाण्यात कालवलेला रंग होता. डोळ्यांना मी हात लावला नाही. जुन्या चित्रात फेरफार करायचा नाही, हे या छंदातलं पहिलं पथ्य.

पण नाव हवं होतं, आता तर जास्तच. तात्यांनी आढेवेढे घेत सांगितलं की चित्र जवळच्या वरकुटे गावातून आलंय, एका म्हातारीनं घरात कुणी नसताना बोलावून दिलंय, आणि गावात विकू नका म्हणून बजावलंय.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवरून वरकुट्याला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यावरून गेलेला ऊस, वारा पडलेला, एक पान हलत नव्हतं. तात्यांनी सांगितलेलं घर नवं होतं, स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर. ओट्यावर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या असाव्यात. मी नमस्कार करून मोबाइलवर चित्राचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला नाही, वरही पाहिलं नाही. पण मी वाकून बघत होते आणि मला त्यांचे डोळे दिसले. मी दोन पावलं मागे सरकले.

“बघती का अजून?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

“बघनारच. डोळं माझं हायती.”

त्या सावकाश सांगत गेल्या, लसूण सोलता सोलता. चित्रातली त्यांची थोरली बहीण. बाळंतपणात गेली, मुलगा वाचला. जिवंतपणी तिचा एकही फोटो नव्हता, म्हणून मातीला न्यायच्या आधी बारामतीहून फोटोवाल्याला आणलं. पुढं फोटो मोठा करून रंगवायचं ठरलं तेव्हा रंगाऱ्यानं सांगितलं, डोळे मिटलेत, उघडे हवे असतील तर तिच्या तोंडवळ्याचं कुणीतरी समोर आणून बसवा. तेव्हा आजींना नेलं. वय तेरा-चौदा. स्टुलावर बसवून पापणी मिटायची नाही म्हणून दटावलं. समोर मेलेल्या बहिणीचा भला मोठा चेहरा, डोळे मिटलेला, आणि रंगारी एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. त्यांच्या डोळ्यांना धार लागली तेव्हा रंगारी थांबला, पुसून घे म्हणाला, आणि परत बघायला लागला. संध्याकाळी एस्टीत वडिलांनी सांगितलं, आता बहिणीच्या घरी राहायचं, दाजींशी लग्न लावतोय, पोराला बघायला कुणीतरी पाहिजे.

माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं होतं. आधी मुलीचे डोळे घेतले, मग बाकीची मुलगी. मी ते मोठ्यांदा म्हटलं, हे चित्र ह्या मजकुरासह प्रदर्शनात लावते, लोकांना कळू दे, असंही म्हटलं. आजींनी लसणाची सालं फुंकरीनं उडवली.

“लोकास्नी कळून मी काय करू? माझं ऐक. त्या पोराला मी वाढीवलं, त्याचं वय झालं, अजून मला मावशीच म्हनतो. आई मंजी फोटूतली. रोज सकाळी तिच्या पाया पडनार, आई बघतीय म्हननार. परवा सुनंला सांगत व्हता, मावशी गेली की येगळा फोटू कशाला, दोघी येकसारख्याच दिसत्यात. मंजी मी मेल्याव बी तितंच टांगून ऱ्हायाचं, दुसरीच्या तोंडावर. म्हनून काढून दिली. पर ती तुज्याकडं बी बघतीच हाय. तिचं डोळं मिट बाई. मला माजं दे, तिला झोपू दे.”

मला माझं पथ्य आठवलं. परतीच्या रस्त्यावर त्याचाच विचार करत होते. जुनी वस्तू जशी आहे तशी जपायची, ती खोटी असली तरी, खोटेपणाही इतिहासच असतो. मी स्वतः हे कितीदा लोकांना ऐकवलं होतं. घरी येऊन चित्रासमोर बसले. आता ते डोळे मला ओळखीचे होते, त्या मुलीचे, जिला पापणी मिटायची परवानगी नव्हती. ज्याची वस्तू त्याला परत द्यायची, हे तर मी कॉटखालच्या गठ्ठ्यांतच वाचलं होतं. सकाळी मी चित्र चादरीत गुंडाळलं.

ओट्यावर आजींच्या शेजारी या वेळी त्यांनी वाढवलेला बहिणीचा मुलगा होता. आबा, सत्तरी ओलांडलेले, सदरा-पायजमा, बहुधा रानातून नुकतेच आलेले. चित्र पाहताच त्यांनी ते माझ्या हातून जवळजवळ ओढून घेतलं. गावभर शोधलं म्हणाले. मग कपाळ टेकवलं आणि मला म्हणाले, “ताई, उपकार झालं तुमचं. आता घरचं घरात बघू.” आजींचा हात तोवर पुढे आला होता. मी घरून आणलेला कापूस आणि बाटलीतलं पाणी त्यांच्यापुढे ठेवलं, आणि आबांना सांगितलं, हे डोळे रंगवलेले आहेत, खाली मिटलेले आहेत, आणि हे कोणाचे आहेत ते मावशींना विचारा.

आबा माझ्यावर चिडले. शिकलेल्या पोरींना काहीही दिसतं म्हणाले. आईनं मरायच्या आधी हौसेनं फोटो काढून घेतला, पोराला दाखवा म्हणाली, सगळ्या गावाला ठाऊक आहे. बोलता बोलता ते मावशीकडे वळले, ती आता हसेल आणि नाही म्हणेल या खात्रीनं. मावशी हसल्या नाहीत. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. आबांची नजर चित्रावर गेली, परत मावशींवर आली. असं दोन-तीनदा झालं. ते ओट्यावरून उतरले आणि ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसले. मग लहान मुलासारखं म्हणाले, “मग माझ्याकडं कोन बघत व्हतं?”

“मीच की,” आजी म्हणाल्या. “अजून कोन? आता बी बघतीय.”

आत कुकरची शिट्टी झाली. आबा उठले, चित्र ओट्यावरच्या खाटेवर आडवं ठेवलं आणि ते हलू नये म्हणून फ्रेमची कड घट्ट धरून उभे राहिले. आजींनी कापूस भिजवला. आधी डावा डोळा. बुबुळाचा काळा रंग कापसावर आला, मग पांढरा, आणि खालून राखाडी पापणी वर आली, बारीक केसांसकट. एक डोळा मिटलेला आणि एक टक्क उघडा, अशी ती बाई काही क्षण आमच्याकडे बघत होती, आणि त्या क्षणी मी नजर फिरवली, हे मला कबूल आहे. आबांनी फिरवली नाही. दुसरा डोळा पुसून झाल्यावर चेहरा एकदम एकच झाला. सैल ओठ, निवांत गाल, मिटलेल्या पापण्या. ती खरंच थकून झोपल्यासारखी दिसत होती, आणि फार लहान.

मी तिचं नाव विचारलं. आजींनी सांगितलं आणि वर म्हणाल्या, ही गोष्ट लिहायची तर लिही, पण तिच्यात नावं घालू नकोस. मी पेन्सिलीनं ते चित्राच्या पाठीवर लिहिलं, इथं लिहीत नाही. चित्र कुठं ठेवायचं ते घरानं ठरवावं, मला ते आता नको होतं.

निघताना आजींनी हाक मारली. माझा फोटो काढ, म्हणाल्या, आत्ताच, आबासमोर. सुनेनं चांगलं लुगडं आणायला धाव घेतली, आजींनी तिला थांबवलं. लसणाचे हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि ताठ बसल्या. मी मोबाइल धरला. हवं तेव्हा पापणी मिटा, असं त्यांना सांगितलं.

पहिल्या फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आले. आबा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. “ह्यो पुसा,” ते म्हणाले. “ताई, आदी ह्यो पुसा.” त्यांच्या डोळ्यांदेखत मी तो पुसला. मग ते ओट्याच्या पायरीवर, मावशीच्या अगदी समोर जाऊन बसले, आणि आपल्याकडं बघ म्हणाले.