आखूड झालेली कॉइल

थंडीत मुलाने हीटर लावला, कॉइलवरची धूळ जळल्याचा वास आला आणि मी आमच्या चिंचवडच्या पहिल्या खोलीत पोचले.

त्या दिवशी शेगडीची कॉइल तुटली होती. माझे यजमान कंपनीत इलेक्ट्रिशियन. त्यांनी टोकं पिळून जोडली आणि मीटर लावला.

"दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपिअर. भागाकार कर."

"शेहेचाळीस ओहम," मी लाटता लाटता म्हणाले.

"बरोबर. आता गुणाकार."

"साडेअकराशे वॅट."

"बरोबर. शेगडी हजाराचीच होती. कॉइल आखूड झाली, आता जास्त तापणार."

पोळ्या करपल्याच. त्यांनी त्या आवडीने खाल्ल्या.

आता चाकणच्या फ्लॅटमध्ये इंडक्शनवर वॅटचा आकडा आपोआप दिसतो. तरीही मी मनात अँपिअर काढते, आणि उत्तर आल्यावर क्षणभर थांबते. 'बरोबर' ऐकू येईल म्हणून.