फायबरची खाज

फायबरग्लास घासल्यावर जी धूळ उडते, तिच्याइतकी किळसवाणी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. दिसते पिठासारखी आणि लागते खाजकुइलीसारखी. कॉलरमधून आत शिरते, मोज्यांत शिरते, घड्याळाच्या पट्ट्याखाली जाऊन बसते. गरम पाण्यानं अंघोळ केली तर आणखीच रुतते, म्हणून आधी अंगावर गार पाणी घ्यायचं, तेही नॉटिंगहॅमच्या फेब्रुवारीत. आगगाडीच्या डब्यांना लागणारे फायबरचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर आहे. ऑफिसात बसायला लागलो तेव्हा ही खाज एकदाची मागे पडली होती. ती मला परत आणून दिली माझ्या साडूंनी.

बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. लंडनमधल्या एका हॉस्पिटलात हाडांचे मोठे डॉक्टर, घर एजवेअरला. सासूबाईंच्या लेखी त्यांना जावई एकच, मी आपला सोबत येतो. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांना स्पोर्ट्स कारचं वेड लागलं. दोन सीटची, पिवळीधमक, आणि वजनाला इतकी हलकी की वरचं सगळं अंग फायबरचं आणि खालची चासी ॲल्युमिनियमची, तीही ठिकठिकाणी चिकटवून जोडलेली. रविवारी ती ट्रॅकवर न्यायची, गोल गोल पळवायची आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचे. खाली ताईंचे बदाम. एका रविवारी फोटो आला नाही, फोन आला.

"इंजिनिअरसाहेब, गाडीला थोडं स्क्रॅच झालंय. तुमच्या गॅरेजमध्ये होईल ना? बाहेर नेली की चार लोकांत बोभाटा होतो."

नाही म्हणता येत नाही. साडूला नाही म्हणायचं म्हणजे दोन बहिणींच्या मध्ये भिंत बांधायची. गाडी ट्रेलरवरून आली, ताडपत्रीत गुंडाळलेली. ताडपत्री काढली तर पुढचा डावा कोपरा नावालाही उरला नव्हता. दिवा वायरला लोंबत होता, बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, आणि फाटलेल्या फायबरचे पांढरे तंतू बाहेर आलेले. एवढं 'थोडं स्क्रॅच'. कसं झालं, तर आधी टायरचा दोष होता, मग ट्रॅकवर कुणाचं तरी ऑइल सांडलं होतं, आणि जेवणाच्या टेबलावर बसेपर्यंत मागच्या गोऱ्यानं कट मारला होता. डॉक्टरांचं स्वतःचं काही चुकलं असेल, ही शक्यता आमच्या सासरी कुणाला सुचत नाही.

मी काम सुरू केलं. या गाडीचा पुढचा सगळा भाग एकसंध असतो. तो बोल्ट काढून उतरवला, उलटा केला आणि आतून घासायला घेतला. घासता घासता लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, एक बोटभर जाड पापुद्रा सुटून खाली पडला. म्हणजे गाडी डॉक्टरांच्याही आधी एकदा ठोकलेली होती आणि कुणीतरी लांबी थापून, वर रंग मारून ती त्यांच्या गळ्यात मारली होती. मी फोटो पाठवला. डॉक्टर भडकले. "चोर आहेत लेकाचे! माणसाच्या जिवाशी खेळतात. यांना लाज कशी वाटत नाही?" पुढचे काही दिवस ते भेटेल त्याला हेच सांगत होते. मला तेव्हा त्यांची दयासुद्धा आली.

मग मी चाकाकडे वळलो. डाव्या चाकाचा दांडा चासीला जिथे धरलेला असतो, तिथलं ॲल्युमिनियम वाकलं होतं आणि शेजारचा चिकटवलेला सांधा केसभर उघडला होता. टॉर्च मारून पाहिलं, नख घालून पाहिलं. असली चासी ठोकून सरळ करत नाहीत, अख्खी बदलतात. मोटरवेवर तो सांधा कधी सुटेल ते सांगता येत नाही. सुटला की चाक आत आणि गाडी जाईल तिकडे.

मी फोन लावला. "डॉक्टर, वरचं मी करीन, पण खालचं हाड मोडलंय."

"वरून दिसतं का?"

"वरून नाही दिसत."

"मग झालं तर!"

"तुम्ही एक्स-रे न काढता प्लास्टर घालता का?"

"पेशंट वेगळा, गाडी वेगळी. आणि मी कुठे ती चालवणार आहे? विकतोय. माझ्याच डिपार्टमेंटला एक ज्युनिअर आहे, नागपूरचा. आपलाच मुलगा."

हा 'आपलाच' ऐकला आणि मला शिसारी आली. परदेशात आमच्या लोकांना या शब्दाची भारी हौस. परक्याकडून गाडी घेताना आम्ही टायरवरच्या रेषा मोजतो, मेकॅनिक घेऊन जातो, चाकाखाली आडवे होऊन बघतो. आपल्या माणसाकडून घेताना चहा पितो. तपासायचं म्हटलं तर त्याचा अपमान होतो ना. आणि हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, तो गिऱ्हाईक शोधायला परक्यांत जातच नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मी हत्यारं खाली ठेवली. संध्याकाळी बायको म्हणाली, "ताईचा फोन होता. तुम्ही भाऊजींना म्हणे वाट्टेल ते बोललात." मी तिला हाताला धरून गॅरेजमध्ये नेलं आणि टॉर्च मारून सांधा दाखवला. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "त्या मुलाला माहितेय का हे?" तिनं ताईंना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा नरम आवाजात फोन आला. "बरं बाबा, मी सांगतो त्याला सगळं. तो ठरवेल. तुम्ही काम थांबवू नका."

मी विश्वास ठेवला. मोठी माणसं शब्द देतात तेव्हा ठेवावा लागतो. मग मात्र मन लावून काम केलं. मॅटवर मॅट, रेझिन, पुन्हा घासणं, पुन्हा रेझिन. घरभर तो गोडसर, डोक्यात जाणारा वास. आमटीला रेझिनचा वास, टॉवेलला रेझिनचा वास, बायकोनं माझे कपडे वेगळे धुवायला घेतले आणि मशीनलाही खाज सुटली असेल. रंग जुळवायला आठवडे गेले. शेवटी पॉलिश मारून दिव्याखाली पाहिलं तर जोड कुठे आहे ते मलाच सापडेना. हात फिरवला की इतकं गुळगुळीत लागायचं की माझीच मला किळस आली. असलं सुंदर झाकण मी कशावर घातलं होतं?

गाडी घ्यायला रविवारी दुपारी डॉक्टर आणि तो नागपूरचा ज्युनिअर आले. मुलगा तिशीतला, लाजाळू, हातात पूजेची पिशवी. नारळ, लिंबं, हळदकुंकू, सगळं आईनं फोनवरून सांगितल्याप्रमाणे. मुहूर्तही आईनं नागपूरच्या गुरुजींना विचारून काढलेला. मुहूर्ताची चौकशी झाली होती, चासीची नाही. त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला, फोन माझ्या रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि मी चकचकीत केलेल्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. डॉक्टर कौतुकानं बघत होते.

"काका, किती मस्त केलं हो तुम्ही!" मुलगा मला म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बायको येऊन राहिली. तिला हीथ्रोवरून हिच्यातूनच आणणार. तिला सरप्राइज आहे."

म्हणजे ती बसणार डाव्या सीटवर, त्याच चाकामागे. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते खिशात किल्ली शोधायला लागले.

"सरांनी तुला खालचं सांगितलं ना?" मी विचारलं.

"खालचं म्हणजे काय, काका?"

मी टॉर्च त्याच्या हातात दिली. तो नव्या शर्टासकट जमिनीवर पालथा झाला आणि चाकामागे बघू लागला. तोही हाडांचाच डॉक्टर. मोडलेलं काय असतं ते त्याला समजवावं लागलं नाही. उठला तेव्हा कपाळाला धूळ लागली होती. आधी त्यानं आईचा फोन डब्यावर पालथा घातला. "आई, एक मिनिट हं." मग सरांकडे पाहिलं.

"अरे, इंजिनिअर लोकांना सगळीकडे क्रॅकच दिसतात," डॉक्टर हसून म्हणाले. "मी स्वतः चालवून बघितलीय." गाडी माझ्या गॅरेजमधून इंचभर हलली नव्हती. "पण घ्यायची नसेल तर सांग हां. फोर्स नाही. आपण काय, डिपार्टमेंटला रोज भेटतोच."

"नाही सर, तसं नाही सर," मुलगा म्हणाला. "घेतो ना, सर."

त्याचं कॉन्ट्रॅक्ट, पुढच्या नोकरीचा रेफरन्स, त्यावर टेकलेला व्हिसा, सगळं या माणसाच्या एका शब्दावर होतं. हे मला कळत होतं, त्याला कळत होतं, आणि सगळ्यांत आधी डॉक्टरांना कळत होतं. म्हणूनच तर परक्याला न विकता आपल्या मुलाला विकत होते. मुलगा खाली वाकला आणि त्याच डाव्या चाकाखाली लिंबू ठेवू लागला.

त्याच्यापुढे कितीही बोललो असतो तरी तो 'घेतो ना, सर' एवढंच म्हणणार होता. म्हणून मी बाकावरचा ग्राइंडर उचलला, चष्मा लावला आणि मीच केलेल्या त्या गुळगुळीत पिवळ्या कोपऱ्यावर, चाकाच्या बरोब्बर वर, चकती टेकवली.

आवाज गॅरेजमध्ये मावेना. पिवळी धूळ उडाली, मग पांढरी. डॉक्टर ओरडत होते, "अहो, वेड लागलंय का तुम्हाला!" माझ्या दंडाला धरायला पुढे आले, तोंडावर धूळ आली तशी खोकत मागे सरले. ग्राइंडरची वायर दारापाशी भिंतीतल्या सॉकेटला होती. स्विचही तिथेच होता, आणि मुलगा नेमका त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला होता.

"अरे, बघतोस काय! स्विच बंद कर!" डॉक्टर त्याच्यावर खेकसले.

"हो सर," तो म्हणाला.

"तुझ्या हाताशीच आहे! बंद कर आधी!"

"हो सर. हो सर."

चकती आरपार गेली, तुकडा फरशीवर पडला आणि आतलं वाकलेलं ॲल्युमिनियम उघडं पडलं. तेवढा सगळा वेळ तो 'हो सर' म्हणत होता आणि दोन्ही हात खिशात घालून उभा होता.