बनुबाईचं गाठीचं सूत

नाथाजीनं परसातल्या मेंढरांच्या शेडात माग मांडला, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. बायको बनुबाई गेलेली, मेंढरं तिच्या दुखण्यात विकलेली, आणि हा सत्तरीचा बाबा घोंगडं विणणार म्हणे! पण हट्टाला पेटला की नाथाजी देवाचंही ऐकत नसे. माळ्यावर धूळ खात पडलेला माग त्यानं एकट्यानं उतरवला, पाय सोडायला खड्डा खणला, लेंड्यांचा वास जाईना म्हणून दोनदा सारवलं. मुंबईहून जयराजनं, त्याच्या लेकानं, फोनवर बोलावलं, तर माग ठेवायला जागा हाय का तुज्या खोलीत, एवढंच त्यानं विचारलं.

कारण बनुबाईचं एक मागणं राहिलं होतं. अंथरुणावरून ती म्हणाली होती, "आवं, साऱ्या मुलकाला घोंगडी इणून दिली तुमी. माज्या सुताचं येक तुमच्या अंगावर असू द्या." त्यावर हा शहाणा काय म्हणाला? "बगू." ते बगू आता त्याला जेवू देत नव्हतं.

ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावायचं काम दोघांचं. एकानं या अंगानं कुंचा फिरवायचा, दुसऱ्यानं त्या अंगानं. नाथाजी या टोकाहून त्या टोकाला पळायचा, तोवर अलीकडची खळ वाळून जायची आणि धागा तटकन तुटायचा. सवयीनं तोंडातून "धर गं" निघायचं. मग तो ओशाळून कुंपणापलीकडं बघायचा, शेजारच्या अंबूबाईनं ऐकलं तर नाही?

विणायला बसला तरी जित्याची खोड जाते का? गाठीचं सूत मागावर घ्यायचं नाही, ही बापाची शिकवण. बनुबाईनं दुखण्यात, थरथरत्या हातांनी कातलेलं जाडंभरडं सूत त्यानं तोडून कोंबडीच्या पाटीत टाकलं. उभ्या जन्मात तेच केलं होतं. तिच्या सुतात खोट काढली, पण बरं म्हणून कधी म्हटलं नाही.

आणि घोंगडं हातभर राहिलं असताना तिचं चांगलं सूत संपलं.

अंबूबाई चांगल्या मनाची. आपल्या घरचं सूत घेऊन ती शेडाच्या दारात आली. "घ्या भावजी, रंग बी तसाच हाय. कुणाला कळतंय?"

नाथाजीनं ते सूत बोटांत धरून बघितलं. कुणाला कळणार नव्हतं हे खरंच, पण बनुबाईनं माझ्या सुताचं म्हटलं होतं. त्यानं अंबूबाईला मानेनंच नको म्हटलं. मग पाटीतली कोंबडी उठवली, शिव्या खात तिच्या खालचं सूत काढलं, झटकलं आणि मागावर घेतलं. प्रत्येक गाठ बोटाला लागत होती. डोळे भरून आले की तो हात थांबवायचा, कारण ओळ वाकडी गेलेली अजूनही खपत नव्हती.

दिवस मावळता त्यानं घोंगडं मागावरून उतरवलं आणि अंगणातल्या बाजेवर पडला. खरबरीत कड पायाकडं घ्यायची, हे धनगराच्या पोराला सांगावं लागत नाही. नाथाजीनं ती तोंडाकडं ओढली. गाठी गालाला टोचल्या.

"ब्येस हाय गं सूत," तो म्हणाला.

पलीकडं अंबूबाई भांडी घासत होती, तिचा हात थांबलेला त्याला कळला. ऐकलं तर ऐकू दे, म्हणून त्यानं ते पुन्हा एकदा म्हटलं.