झेपलं नाही, हे मी सांगितलं होतं

धारला बहिणीकडे सगळे जेवायला जमलो होतो. कणकेचे बाफले वाढले जात असताना भाच्याच्या मुलीने जाहीर केलं की तिला पुढे भौतिकशास्त्र घ्यायचंय. पीथमपूरच्या कंपनीत असलेला भाचा हसला आणि माळवी ढंगात म्हणाला, "अरे भिया, आपल्यात एकीने घेऊन बघितलं ना! विचार आत्याला, झेपलं का."

आत्या म्हणजे माझी मुलगी. ती समोरच बसली होती. तिने बाफल्यावर तूप घेतलं. इतकी वर्षं ती अशीच गप्प राहत आली आहे.

"विषय झेपला नाही" हे वाक्य मुळात माझं.

संशोधन करत असताना ती सुटीत देवासला घरी यायची, तेव्हा आम्ही टेकडीवर देवीला जायचो. तिथे एकदा ती म्हणाली, "बाबा, ही परिक्रमेची गर्दी बघा. कडेकडेने एकाच दिशेला चालते. दगड आला तर वळसा घालते, मागे फिरत नाही. काही पदार्थांत इलेक्ट्रॉन असेच फक्त कडेने वाहतात."

"मग अडचण काय?"

"पदार्थ कधी एकटा नसतो ना! भोवतालची उष्णता, जोडलेल्या तारा, सगळ्यांशी त्याची देवाणघेवाण चालते. माणसं वाटेतल्या दुकानांत शिरावीत तशी गळती होते. दगडाला न अडणारी ती वाट गळतीपुढे टिकेल का, ते मी शोधतेय. पण खरी गंमत पुढेच आहे..."

"चल, उशीर होतोय," मी म्हणालो.

पुढे तिच्या आईचं दुखणं वाढलं. हिने मला बजावलं होतं, "पोरीला बोलावू नका. तिचं पुरं होऊ द्या." मी एकटा घाबरलो आणि फोनवर म्हणालो, "आई सारखी तुला बोलावते आहे." ती आली. आई गेल्यावरही मी तिला परत जा म्हटलं नाही. ती देवासच्याच शाळेत शिकवू लागली. नातेवाईक कारण विचारू लागले, तेव्हा मी ते वाक्य सांगितलं. ते धारपर्यंत पोचलं आणि तिथेच राहिलं.

त्या दिवशी मी घास खाली ठेवला. "तिला झेपत होतं. मी खोटं बोलून तिला बोलावलं. तिची आई नको म्हणत होती."

 माझ्या मुलीने मला विचारलं, "आई नको म्हणाली होती?"

"हो."

ती उठली आणि हात धुऊन आली. मला वाटलं, आता निघेल. पण भाच्याच्या पोरीने तिला धरलं. "आत्या, मतलब तू करत काय होतीस?"

माझ्याकडे पाठ करून ती पोरीजवळ बसली. टेकडी, गर्दी, गळती, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "सगळ्यांना वाटतं, भोवताल फक्त बिघडवतो. पण देवाणघेवाण नीट जुळवली, तर तीच गळती पदार्थाला त्या कडेने वाहण्याच्या अवस्थेत नेते आणि तिथे धरूनही ठेवते. माझं काम तेच होतं."

टेकडीवर मी तोडलेलं बोलणं मला असं ऐकायला मिळालं. ते मला सांगितलेलं नव्हतं.