मुकादमाने पुसलेला बेस

आमच्या बँडमध्ये आजवर किती जण आले नि गेले, ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. आमचं संगीत मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक, तेही सगळ्यात जहाल जातीचं. एका गिटारवाल्याच्या होणाऱ्या सासऱ्याने आमचं एक गाणं ऐकलं, झालं, गिटारवाला गेला. गायकाचा घसा कायमचा बसला, तोही गेला. मी स्वतः दोनदा भांडून गेलो आणि दोनदा तोंड पाडून परत आलो. टिकला तो एकटा मुकादम.

मुकादम हे आम्ही ठेवलेलं नाव. दिवसा तो फ्रिज दुरुस्त करतो, संध्याकाळी टायरच्या दुकानामागच्या खोलीत गिटार वाजवतो आणि आमच्यावर खेकसतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, त्याही त्यानेच. मनाचा वाईट नाही, पण कुणी सोडून गेलं की डोक्यात राख घालून घेतो. त्याचा नियमच होता: जो गेला, त्याने वाजवलेलं (प्रत्येकाचं वेगळंच नोंदलेलं असतं) रेकॉर्डिंगमधून पुसायचं आणि नव्या माणसाकडून परत वाजवून घ्यायचं. "गेलेल्यांच्या जिवावर बँड चालत नसतो," म्हणायचा. आम्हीही नंदीबैलासारख्या माना डोलवायचो.

गेल्या वर्षी बेस वाजवायला शिंप्याचा मुलगा होता. बोलायचा इतका कमी की त्याचं नाव गपचूप पडलं. बेस म्हणजे जाड तारांची गिटार, तिचा आवाज खालून घुमतो. अल्बमचं रेकॉर्डिंग संपलं आणि गपचूप म्हणाला, "मला आता जमणार नाही. फार थकवा येतो."

"थकवा? सरळ सांग ना, कंटाळा आला!" मुकादम भडकला. त्याच संध्याकाळी त्याने गपचूपचा बेस सगळ्या गाण्यांतून पुसून टाकला. नवा बेसवाला काही मिळाला नाही. अल्बम तसाच बाहेर पडला, आणि गंमत बघा, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आमच्या गोंगाटात बेस ऐकतो कोण!

थकवा कसला, रक्ताचा आजार होता तो. काही महिन्यांतच पोरगा गेला. तेव्हापासून मुकादम गिटारला हात लावेना. "मी त्याला कंटाळा आला म्हणालो रे," एवढंच परत परत. समजावून समजावून आम्ही दमलो.

मग एका दुपारी गपचूपचे वडील खोलीवर आले. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. त्यांनी फोन पुढे केला. "तुमची गाणी आहेत यात. पोराची आई रोज लावून बसते. तिला काही कळत नाही, मलाही नाही. यात आमचा कुठला, तेवढं दाखव बाबा."

मुकादम उठला. त्याने गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं आणि म्हणाला, "ते खाली धडधडतंय ना, काका... तो."

तो माझा ड्रम होता. मी दोन्ही पायांनी वाजवतो तो मोठा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी स्पीकरवर तळहात ठेवला. "हा होय! केवढा जोर होता रे याच्यात! घरात असला तरी कळायचं नाही," म्हणाले, आणि चक्क हसले.

ते हसणं मुकादमाला सोसलं नाही. गाणं बंद करून तो मटकन खाली बसला. "काका, खोटं बोललो. तो यात कुठेच नाही. मीच पुसला त्याला. रागाच्या भरात."

काकांचा हात स्पीकरवर तसाच राहिला. "परत नाही आणता येत?"

"नाही."

"मग हे कोण वाजवतंय?"

मी हळूच हात वर केला. "ड्रम आहे तो, काका. पायांनी वाजवतो मी."

मला वाटलं, आता काका त्याच्या थोबाडीत देणार. मुकादमालाही तेच हवं होतं, गाल पुढे करूनच बसला होता. पण काकांनी फोन खिशात टाकला.

"तिला मी हाच आवाज त्याचा म्हणून सांगणार. तू बोलून मोकळा झालास, पण तिच्यासमोर तोंड उघडायचं नाही. कळलं?"

मुकादमाने मान हलवली.

काका दारापर्यंत गेले आणि थांबले. "तुमचा कार्यक्रम असेल तर आमच्या घरी कळवू नकोस. एकदा तरी यायचंय म्हणते ती. आली तर या पोराचे पाय दिसतील तिला."